टीबी, ताट आणि खोली: औषध फुकट असूनही गरीबच जास्त का मरतात?

बाभूळबन (धागाकर्ता)

आमच्या भागातल्या दोन मंडळांनी टीबी रुग्णांना शिधा द्यायचं ठरवलंय. काय द्यावं, किती द्यावं यावर बोलताना मूळ प्रश्न निघाला, म्हणून धागा काढतोय.

सरकारी केंद्रात टीबीचं निदान फुकट होतं, औषधंही फुकट मिळतात. २०१७ पासून रोज घ्यायच्या एकत्रित गोळ्या आल्या. वजन २५ ते ३४ किलो असेल तर २, ३५ ते ४९ ला ३ आणि ५० ते ६४ ला ४. पहिले २ महिने गोळीत चार औषधं असतात, पुढचे ४ महिने तीन. साधा टीबी एवढ्यात बरा होतो. तरी जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या जवळपास ३१ टक्के लोकांच्या शरीरात जंतूचा संसर्ग आढळला. त्यातले बहुतेक जण जन्मात कधी आजारी पडत नाहीत. म्हणजे जंतू घरोघर पोचलेलाच आहे. आजारी कोण पडतो आणि त्यातला कोण दगावतो, हे कशावरून ठरतं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

आकडेमोड

सगळ्यात मोठं कारण अपुरं अन्न. वजनाचा आणि टीबीचा संबंध अनेक देशांतल्या पाहण्यांत तपासला गेलाय. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) एका अंकाने वाढला की टीबीचा धोका साधारण १४ टक्क्यांनी उतरतो. बीएमआय २५ असलेल्या माणसापेक्षा १९ वाल्याला धोका सुमारे अडीच पट. १९ म्हणजे तर कागदोपत्री 'नॉर्मल'!

यावरचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ मध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी 'राशन्स' नावाची चाचणी केली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. रुग्णाला शिधा दोन्ही गटांत दिला, कारण आजारी माणसाला उपाशी ठेवून तुलना करणं योग्य नव्हतं. फरक केला तो घरच्यांमध्ये. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसामागे महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हे नाही.

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. प्रयोगशाळेत जंतू सापडलेलेच रुग्ण मोजले तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने केलेलं हे काम आहे.

रुग्णांची अवस्था काय होती तेही बघा. पाचातल्या चारांचा बीएमआय १८.५ च्या खाली, जवळपास निम्म्यांचा १६ च्या खाली. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे २ किलो.

---

नदीकाठ

एक शंका. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगाचं काय? रुग्णांचे दोन गट केले. अर्धे सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णालयात: खाट, विश्रांती, चांगलं जेवण. अर्धे वस्तीतल्या आपल्या घरी, तेच औषध घेऊन. १९५९ मध्ये निकाल आला तो असा की वर्षाअखेर बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. म्हणजे औषध नीट घेतलं तर जेवणाने फारसं बिघडत नाही, असंच ना? शिवाय टीबी खात्यापित्या घरांतही होतो.

---

आकडेमोड

नदीकाठ, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात. अर्थ मात्र तेवढाच काढायला हवा. तिथे मोजलं होतं ते मुख्यतः बेडक्यातले जंतू वर्षभरात गेले का, हे. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन घरी राहिलेल्या रुग्णांपेक्षा जास्त वाढलं होतं, हेही त्याच अहवालात आहे. घरी राहिलेल्यांवर बारीक लक्ष होतं, गोळ्यांची मोजदाद होत होती. त्यातून 'घरी उपचार होऊ शकतात' हा फार मोलाचा निष्कर्ष निघाला आणि त्याने लाखो लोक वाचले. पण पुढे त्याचाच अर्थ 'अन्नाचं बघायची गरज नाही' असा घेतला गेला. पुढची कितीतरी वर्षं टीबीच्या कार्यक्रमात अन्न जवळजवळ नव्हतंच. रुग्णाला महिना ५०० रुपये देणारी निक्षय पोषण योजना आली ती थेट एप्रिल २०१८ मध्ये.

खात्यापित्या घरांत टीबी होतो हे खरं आहे. मधुमेहाने धोका दोन-तीन पट होतो, सिगारेट-दारूनेही वाढतो. पण खात्यापित्या घरातल्या माणसाला खोकला आला तर आठवड्यात एक्स-रे निघतो, पगारी रजा मिळते, झोपायला वेगळी खोली असते. तोच जंतू, पण पुढचा प्रवास पार निराळा.

---

तीळगूळ

आहाराचा हिशोब मी मांडते, मंडळाला उपयोगी पडेल.

एक बाई धरू. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. बीएमआय १५.८, म्हणजे तीव्र कुपोषण. या उंचीला वजन ५० किलोच्या आसपास हवं. टीबीत किलोमागे ४० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि हिशोब हव्या असलेल्या वजनावर करायचा. म्हणजे दिवसाला २,००० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं.

आपल्या स्वयंपाकघरात हे असं बसतं: ज्वारीचं पीठ ३०० ग्रॅम (चार भाकऱ्या) मधून साधारण ३० ग्रॅम प्रथिनं. तूरडाळ ५० ग्रॅम, ११ ग्रॅम. शेंगदाणे ५० ग्रॅम, १२ ते १३ ग्रॅम आणि वर २८० कॅलरी. अंडी २, १२ ते १३ ग्रॅम. बेरीज ६५ च्या पुढे जाते. अंडं चालत नसेल तर शेंगदाणे वाढवा आणि मूठभर फुटाणे द्या. कूट भाजीत, चटणीत, कण्यांत कुठेही मुरतं, आणि तोंडाला चव नसलेल्या माणसाच्या पोटात कमी घासांत जास्त कॅलरी जातात.

आता पैसा. १ नोव्हेंबर २०२४ पासून योजनेचे ५०० चे १,००० झाले. दिवसाला ३३ रुपये. दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, ५० ग्रॅम डाळ एवढं आजच्या साधारण भावात ३० च्या आसपास बसतं. हिशोब जुळला असं वाटतं, पण तो फक्त रुग्णाने एकटीने खाल्लं तरच. घरात पाच माणसं असतील तर माणशी साडेसहा रुपये झाले. लेकरांसमोर एकटीने अंडं खाणारी आई मला सांगा. ती खाणार नाही, आणि तिने खावं अशी अपेक्षा करणंही निर्दयपणाचं आहे. म्हणून झारखंडमध्ये सगळ्या घराला शिधा दिला तेव्हा काम झालं.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, पण त्यात डाळ नसते. झारखंडचा शिधा रोजच्या आहारात ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं भरत होता. त्यातली निम्म्याच्या जवळपास प्रथिनं त्या दीड किलो डाळीतून येत होती.

---

बाभूळबन

तीळगूळताई, हे फारच कामाचं आहे. मग टोपलीत नक्की काय भरायचं?

---

तीळगूळ

निक्षय मित्र योजनेत (लोक आणि संस्था रुग्णांना शिधा देतात ती सरकारी योजना) मोठ्या माणसासाठी महिन्याची सुचवलेली टोपली अशी आहे: धान्य ३ किलो, डाळ दीड किलो, तेल पाव किलो, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे १ किलो. जमल्यास ३० अंडी. माझं मत: रुग्णासाठी हे, आणि घरातल्या प्रत्येकासाठी आणखी दीड किलो डाळ. पैसे कमी पडत असतील तर घरं कमी घ्या, पण सहा महिने पूर्ण द्या. वीस घरांना एकदाच देण्यापेक्षा तीन घरांना सहा महिने देणं कितीतरी बरं.

बिस्किटं, प्रथिनांच्या पावडरीचे डबे, सरबतं नकोत. डब्याच्या पैशांत दुप्पट-तिप्पट शेंगदाणे येतात.

आणि कृपा करून वाटपाचा कार्यक्रम, फोटो, हार नको. टीबी झालाय हे चाळीत कळलं की मुलीचं लग्न अडतं, घरमालक खोली सोडायला लावतो. अंधार पडल्यावर आशाताईंच्या हाती पिशवी पोचवा किंवा ओळखीच्या किराणा दुकानात खातं ठेवा. रुग्णाची संमती निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) आधी नोंदवलेली असायला हवी.

---

केसपेपर

टोपली भरण्याआधी एक गोष्ट. अतिशय खंगलेल्या माणसाला टोपलीआधी खाट लागते.

तमिळनाडूने २०२२ मध्ये सुरू केलेली पद्धत कुठेही करता येते. निदान झालं त्याच दिवशी परिचारिका एवढंच बघते: बीएमआय १४ किंवा त्याहून कमी आहे का, किंवा १६ पर्यंत आहे पण दोन्ही पायांना सूज आहे का. श्वास मिनिटाला २४ पेक्षा जास्त आहेत का, ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे का. आधाराशिवाय उभं राहता येत नाही का. यातलं एकही लागू पडलं की थेट दाखल. लागतात वजनकाटा, उंचीची पट्टी, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. टीबीचे बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात, म्हणून ही चाळणी पहिल्याच दिवशी हवी.

दाखल केल्यावरही एकदम पोटभर वाढायचं नाही. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देतं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, डॉक्टरांच्या देखरेखीत वाढवत न्यायचं.

आता औषधाबद्दल, कारण तिथेही गरिबीच आडवी येते. गोळ्या सकाळी घेतात. रात्री नीट न जेवलेल्या माणसाने सकाळी रिकाम्या पोटी तीन-चार गोळ्या घेतल्या की मळमळ, जळजळ होते. आठ वाजता नाक्यावर उभं राहायचं असतं. तो त्या दिवशी गोळ्या टाळतो, मग दुसऱ्या दिवशीही. रिकाम्या पोटी औषध जास्त चांगलं शोषलं जातं हे खरं, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्यावं. चुकवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. लघवी केशरी होते ती गोळीतल्या एका औषधाच्या रंगाने, रक्त नसतं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषध सोडतो. डोळे पिवळे दिसले किंवा सतत उलट्या झाल्या तर मात्र लगेच केंद्रावर यायचं.

दर महिन्याला वजन करायचं. ते ५ किलोहून जास्त वाढलं आणि वरच्या पट्ट्यात गेलं तर गोळ्यांची संख्या बदलते. ३४ चा माणूस ४० वर पोचला तरी २ गोळ्यांवरच राहिलेला असतो, असं होऊ देऊ नका.

---

नदीकाठ

पटलं. मग योजनेचे पैसे वेळेवर मिळतात का? ते का अडतात?

---

केसपेपर

आता ३,००० चे दोन हप्ते आहेत: पहिला निदानानंतर, दुसरा ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. अडण्याची कारणं ठरलेली आहेत आणि प्रत्येकावर उपाय आहे.

खातं निष्क्रिय असणं हे पहिलं. शून्य शिलकीच्या खात्यात दोन वर्षं काही व्यवहार झाला नाही की ते गोठतं. बँकेत जाऊन केवायसी करायचं आणि थोडे पैसे भरून-काढून ते जागं करायचं. दुसरं, बँकांचं विलीनीकरण झाल्यावर आयएफएससी कोड बदलले, पण पासबुकावर जुनाच छापलेला असतो. तिसरं, आधारवर नाव एक आणि बँकेत दुसरं. लग्न झालेल्या बायकांचं हे फार होतं. चौथं, खातंच नसणं. अशा वेळी नातेवाइकाचं खातं संमतीने जोडता येतं, किंवा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत शून्य शिलकीचं खातं काढता येतं.

स्वयंसेवकांना खरंच मदत करायची असेल तर रुग्णासोबत बँकेत एक फेरी मारा. रुग्णाने एकट्याने तीन फेऱ्या मारायच्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली.

आणि सगळ्यात जास्त पैसा जातो तो निदानाच्या आधी, तो या योजनेत कुठेच धरलेला नाही. खोकला, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे सिरप. पुन्हा खोकला, मग अँटिबायोटिक. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूवरही थोडी चालतात, माणसाला आठवडाभर बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. मग एक्स-रे, कधी सीटी. फुकट बेडका तपासणीपर्यंत पोचेतो मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं. आजारापायी वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त गेले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला कंबरडं मोडणारा खर्च म्हणते. फुकट उपचारातही तो होतो, कारण त्यातला मोठा भाग बुडालेल्या मजुरीचा असतो.

म्हणून दोन आठवड्यांवर खोकला गेला की थेट सरकारी केंद्र. बेडक्याचे दोन नमुने लागतात, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा. खोकून छातीतून काढलेला बेडका हवा, लाळ चालत नाही. नमुना उघड्यावर द्यावा, बंद संडासात नव्हे. जीन-एक्सपर्ट किंवा ट्रूनॅट या तपासणी यंत्रांवर काही तासांत निकाल लागतो आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही कळतं. ट्रूनॅटचं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं.

---

ओसरी

खोलीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या भागात, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथल्या पुनर्वसन इमारती बघा. सात-आठ मजली इमारती, आणि दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी अवघं ३ मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये या वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा उजेड-हवा जिथे कमी तिथे टीबी जास्त, असं चित्र समोर आलं. झोपडी पाडून पक्कं घर दिलं, आणि त्या घराच्या नकाशानेच आजाराला जागा करून दिली. हे टाळता आलं असतं. पुनर्वसनासाठी बांधकामाचे नियम शिथिल करताना इमारतींमधलं अंतर कमी करू दिलं, तिथे चूक झाली.

टीबीचा जंतू हवेत तासन्‌तास तरंगतो. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर सगळं आहे. रुग्णालयात अशा रुग्णाच्या खोलीसाठी १२ वेळा हा आकडा धरतात. पेरूमधल्या लिमा शहरात रुग्णालयांची हवा मोजली, तेव्हा उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत सगळ्या खिडक्या उघडल्यावर हवा तासाला ४० वेळा बदलत होती. नव्या, बुटक्या इमारतींत १७ वेळा.

घरात मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवा. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. रात्री सगळे झोपल्यावर खोलीत २,००० दिसलं, तर आत घेतलेल्या हवेतला जवळपास चोविसावा हिस्सा दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला असतो.

उपाय. २५ चौरस मीटरची खोली, छत २.७ मीटर, म्हणजे साडेसदुसष्ट घनमीटर हवा. तासाला ४०० घनमीटर ओढणारा एक्झॉस्ट पंखा लावला तर हवा सहा वेळा बदलते. पण हवा आत यायची वाट समोरच्या बाजूला हवी. दार-खिडकी बंद ठेवून पंखा लावला की तो नुसता घरघरतो. दाराला वर-खाली जाळी बसवली तर दार बंद असूनही हवा येते. आणि पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा सामाईक डक्टमध्ये नको, नाहीतर आजार शेजारी ढकलल्यासारखं होतं.

लोक खिडक्या बंद का ठेवतात हेही विचारा. दोन इमारतींमधल्या गल्लीत कचरा साचलेला, वास, डास, आणि ३ मीटरवर समोरच्याचं घर. गल्ली रोज साफ झाली आणि खिडकीला जाळी लागली की खिडक्या उघडतात. मंडळाला पाठपुरावा करायचा असेल तर वॉर्ड ऑफिसात या गल्लीसाठी करा.

---

बाभूळबन

ओसरी, धन्यवाद. हे डोक्यातच नव्हतं. शेवटचा प्रश्न. आमच्याकडे बीड-जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं बरीच आहेत. दिवाळीच्या सुमारास निघतात, मार्च-एप्रिलला परततात. सप्टेंबरात निदान झालं तर सहा महिन्यांचा कोर्स फडावरच जातो. त्यांचं काय करायचं?

---

केसपेपर

निघायच्या आधी आठवडाभर हे करून घ्या.

निक्षय क्रमांक केसपेपरवर आणि शिवाय मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि तालुका विचारून घ्या आणि उपचार पर्यवेक्षकाला सांगा, म्हणजे तो निक्षयवर रुग्ण तिकडच्या केंद्राकडे वर्ग करतो. वर्ग व्हायला वेळ लागला तर मधल्या काळासाठी महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या मागून घ्या. बँक खातं तेच राहतं, त्यामुळे दुसरा हप्ता अडत नाही.

घरच्यांची तपासणी निघण्याआधीच करा. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, सगळे एकत्र झोपतात. आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. आठवड्यातून एकदा अशा १२ मात्रांचा कोर्स स्थलांतर करणाऱ्यांना सोयीचा, कारण दुसरा पर्याय रोज एक याप्रमाणे सहा महिन्यांचा आहे.

मुख्य अडचण खाड्याची. जोडीतला एक जण कामावर आला नाही तर कोयता (म्हणजे ती जोडी) अडतो आणि उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात खाडा धरला जातो. त्यामुळे दवाखान्याचा दिवस पैशात मोजला जातो. महिन्यातून एकदा कारखान्याच्या तळावरच वजन, बेडका तपासणी आणि गोळ्या झाल्या तर खाडा पडत नाही. यासाठी तळ ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत येतो तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना गळीत सुरू होण्याआधी लेखी अर्ज द्या. अर्जात कुटुंबांची संख्या, तळाची जागा आणि मुकादमाचा नंबर टाका. पहिले दोन महिने रुग्णाला मोळ्या वाहायला लावू नये, हे मुकादमाला आधीच सांगितलेलं बरं. एरवी जे वजन वाढायचं, ते उसाखाली जातं.

---

तीळगूळ

फडावर अंडी आणि दूध मिळेलच असं नाही. निघताना माणशी महिन्याला दीड किलो याप्रमाणे तूरडाळ आणि रुग्णासाठी महिना १ किलो शेंगदाणे पोत्यात बांधून द्या. दोन्ही टिकतात. दाणे भाजून, पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगा. ओल लागून बुरशी धरलेले दाणे खाऊ नयेत, तसे दिसले तर टाकून द्यावेत.